उंच बाईची सफरचंदं आणि माईंची सुकेळी

दिनांक: गेल्या वर्षीच्या डिसेंबरातला दुसरा रविवार. वेळ: दुपारची झोप झाल्यावर. स्थळ: भुईगाव, आमच्या घराची पडवीलगतची मोठी खोली.

हजर: माई, म्हणजे माझ्या सासूबाई. मार्तीनकाका आणि रोझीकाकी, कुंपणापलीकडचे शेजारी. सई, माझी कॉलेजात जाणारी मुलगी. विलास, माझा नवरा. हा हजर होता, पण पडद्यावर चित्रपटाचं नाव यायच्या आधीच झोपला, त्यामुळे त्याला अर्धा धरावा. मी. आणि बाहेर उन्हात, बांबूच्या ताट्यांवर, राजेळी केळ्यांची सुकेळी.

सुकेळ्यांना हजेरीत घ्यायचं मला त्या दिवशी सुचलं नाही. सगळा गोंधळ तिथूनच झाला.

यंदा ते ऊन परत आलंय. एव्हरशाईन सिटीत, आम्ही एरवी राहतो त्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, ते सकाळी आधी गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर येतं, मग फ्रिजच्या दारावर, आणि माझे डबे भरून होईस्तोवर समोरच्या इमारतीमागे निघूनही जातं. पाऊस संपल्या संपल्या पडतं ते घामट, चिडकं ऊन वेगळं. हे त्यानंतरचं. कोरडं, हलकं, अंगावर पडलं तरी ओझं न होणारं. माझं माहेर सोलापूरकडचं. तिथे ऊन हा कौतुकाचा विषय नाही. भुईगावात मात्र माई या उन्हाची वाट बघतात. ते आलं की दोन्ही तळहात वर करून अंगणात उभ्या राहतात, कुणी वरून मापून ओतत असल्यासारख्या, आणि म्हणतात, "आता होतील."

होतील म्हणजे सुकेळी. ज्यांनी खाल्लेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राजेळीचं लोंगर, म्हणजे केळ्यांचा अख्खा घड, भरलं की उतरवायचं, केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची. झालं. साखर नाही, मीठ नाही, तेल नाही. कृती इतकी छोटी असल्यामुळे चुकायला जागा भरपूर. दिवसभर ऊन द्यायचं, मधून मधून उलटायची, बोटांनी हलके दाबून आकार द्यायचा, आणि सूर्य बुडायच्या आत ताट्या घरात घ्यायच्या. यातलं शेवटचं कलम सर्वांत कडक. दव लागलं की सुकेळं चिकट होतं, आंबूस वास धरतं, आणि एकदा तो वास धरला की पुढचं कुठलंच ऊन त्याला सुधारू शकत नाही. सगळं नीट झालं तर रंग मधावर जातो आणि केळीच्याच वाळक्या पानांत त्यांच्या जुड्या बांधतात. तोंडात टाकलं की आधी दात म्हणतात नको, मग जीभ म्हणते थांबा जरा.

आमच्या मजल्यावरच्या एका बाईंना मी एकदा जुडी दिली. त्यांनी खाऊन विचारलं, "डिहायड्रेटर कुठला वापरता?"

मी म्हटलं, "सासूबाई."

गेल्या वर्षी दसऱ्यालाच माईंनी जाहीर केलं होतं. "यंदाची शेवटची खेप. मग बंद."

त्यांचे गुडघे दुखतात हे एक कारण होतं. वाडीत विलासने नारळ आणि सोनचाफा वाढवलाय, राजेळीची झाडं विहिरीकडच्या कोपऱ्यात तेवढी उरलीत, हे दुसरं. आणखी एक कारण त्या बोलल्या नाहीत, पण घरात सगळ्यांना माहीत होतं. शिकवायचं कुणाला? लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्याकडे बांधणीचं काम. पानं पुसायची, सुतळीचे तुकडे करायचे, कुठली जुडी कुणाच्या घरी जायची त्याच्या चिठ्ठ्या लावायच्या. ताट्यांना हात लावायचा नाही. "तुझा हात कागदाचा आहे," माई म्हणायच्या. ही स्तुती आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

मी यादी करणारी बाई आहे. बंद करणं कसं शहाणपणाचं आहे याचीही मी व्यवस्थित यादी केली आणि माईंना वाचून दाखवली. एकेक मुद्दा बिनतोड होता. माईंनी शेंगा सोलता सोलता सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे." इतक्या सहज म्हणाल्या की मलाच कसंसं झालं. मग म्हणाल्या, "फक्त ही खेप चांगली व्हायला पाहिजे. लोक शेवटचंच लक्षात ठेवतात. भुईगावच्या म्हातारीने वाईट सुकेळी दिली, असं नको."

एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि त्या डिसेंबरात ताट्यांवर जी मांडलेली होती ती हीच खेप. जवळपास तयार. दोन-तीन उन्हं दिली की बांधायची.

आता चित्रपट. मार्तीनकाका आयुष्यभर बोटीवर आचारी होते. बोटीवर करमणुकीला जुने इंग्रजी सिनेमे लावत, त्यातला एक त्यांच्या मनात अडकून राहिला होता. अमेरिकेतल्या महामंदीच्या काळातला, काळापांढरा. त्याचं नाव काका दर वेळी वेगळं सांगतात, म्हणून मी लिहीत नाही. तो त्यांनी पुष्कळदा पाहिला, पण एकदाही पूर्ण नाही. शेवट जवळ आला की रात्रीच्या जेवणाची वेळ व्हायची आणि काकांना भटारखान्यात जावं लागायचं. कित्येक वर्षांनी त्यांच्या मुलाने परदेशातून तो कुठूनतरी मिळवून पेनड्राइव्हवर पाठवला. प्रोजेक्टर काकांकडे होताच, नाताळच्या कार्यक्रमांसाठी घेतलेला. अडचण भिंतीची होती.

"आमच्या हॉलच्या भिंतीवर येशू आहे," रोझीकाकी म्हणाल्या. "त्याच्यावर सिनेमा कसा मारणार? तुमची भिंत रिकामी आहे."

"रिकामी नाही गो, स्वच्छ आहे," माई म्हणाल्या.

या दोघी एकमेकींशी बोलताना आपापल्या घरची बोली बोलतात. दोन्ही बोली वेगळ्या, भांडण मात्र एकच असतं. मला ते जसंच्या तसं लिहिता येणार नाही, म्हणून माझ्या मराठीत देतेय.

व्यवस्था माझ्याकडे होती. खुर्च्या, एक्स्टेन्शन बोर्ड, थर्मासमध्ये चहा, रोझीकाकींनी नाताळच्या आधी चाखायला म्हणून आणलेला रव्याचा केक. खिडक्यांना जाड चादरी, वर चिमटे, खाली विटा. दाराच्या फटीला जुनी साडी. उजेडाची एक तिरीपही आत येता कामा नये असं काम केलं मी. यादीत सर्वांत शेवटी लिहिलं होतं: चित्रपट संपल्यावर सुकेळी आत. तासांचं गणितही चोख होतं, ऊन कलण्याच्या बरंच आधी सगळं संपणार होतं.

गणितात मार्तीनकाका धरलेले नव्हते. खालची इंग्रजी अक्षरं माईंना वाचता येत नाहीत, म्हणून काकांनी भाषांतराची जबाबदारी घेतली. दर दोन वाक्यांनी ते चित्र थांबवायचे, खुर्चीतून उठायचे, आणि पडद्यासमोर उभे राहून कोण काय म्हणालं ते करून दाखवायचे. मूळ माणसं शांतपणे बोलत होती. काका हातवारे करून बोलत होते.

"आत्ता तो काय म्हणाला?" माई विचारायच्या.

"तो म्हणाला, बाई, बँक बंद झाली."

"एवढंच? तू तर केव्हाचा बोलतोयस."

"वहिनी, त्याच्या चेहऱ्यावर जे होतं तेपण सांगितलं ना!"

गोष्ट साधी होती. डोंगराच्या पायथ्याचं छोटं गाव. बँक बुडालेली, कारखान्याला कुलूप. एका उंच बाईचा नवरा कामाच्या शोधात निघून जातो, तो परत येईल की नाही कुणाला माहीत नाही. मागे ती, तिची मुलं आणि सफरचंदाची बाग. झाडं लगडलेली आहेत पण फळाला भाव नाही, लोक डोंगराएवढे ढीग तसेच कुजू देताहेत. ही बाई म्हणते, कुजू द्यायचं नाही. ती सफरचंदांच्या चकत्या करून गोठ्याच्या छपरावर वाळत घालायला लागते. मुलं हसतात, शेजारी हसतात, मग एकेक करून तेही सुऱ्या घेऊन येतात.

ही पहिली निम्मी गोष्ट मला फार आवडली. कारण त्यात काम होतं. ही बाई कुणाला काही सांगत बसत नव्हती. टेबलावरच्या कापडाला डाग पडला तर कापड उलटं करायची. दुसऱ्या बाजूलाही डाग असेल तर त्यावर बशी ठेवायची. फळ कापताना किडका भाग न बोलता आपल्या ताटलीत ओढायची. स्वयंपाकघराच्या दारावर ती खडूने उद्याची कामं लिहायची आणि झालं की बोटाने पुसून टाकायची. तिथे तर मी खुर्चीतून पुढे झुकले. इतक्या लांबच्या आणि इतक्या जुन्या बाईत मला कुणीतरी ओळखीचं दिसलं.

माईंनाही ती आवडली, पण त्यांची नजर वेगळी.

"चकत्या जाड करतेय. आत ओल राहणार."

"माई, सफरचंद आहे ते."

"फळ ते फळ. आणि एकीला एक चिकटवून कशाला मांडायची? वारा कुठून जाणार?"

रोझीकाकींचा आक्षेप कपड्यांवर होता. "एवढी गरिबी आली म्हणता, मग हिची कॉलर कडक इस्त्रीची कशी? धुते कधी? मला धुताना दाखवा."

सईचा मुद्दा तिसराच. "आजी, ॲक्च्युअली त्या काळात असंच शूट करायचे. हिरॉइनचे केस विस्कटलेले चालायचेच नाहीत."

"उपाशी बाईचे केस पहिले विस्कटतात," माई म्हणाल्या.

इथून पुढे माझंही बिनसायला लागलं. दुःख काळ्यापांढऱ्यात फार देखणं दिसतं, हा माझा पहिला आक्षेप. भुकेल्या मुलाच्या गालावर खिडकीतून असा काही उजेड पाडला होता की त्याला खायला द्यावं की त्याचा फोटो भिंतीवर लावावा, कळेना. दुसरा आक्षेप व्हायोलिनचा. बाई गप्प बसली की लगेच व्हायोलिन सुरू. मला वाटतं, घरात अडचण असते तेव्हा सगळ्यांत जास्त काय ऐकू येत असेल तर भांडी. आणि तिसरा आक्षेप खुद्द बाईवर. गोष्ट पुढे सरकेल तशी ती कमी काम करायला लागली आणि जास्त सोसायला. एक सूटबूटवाला माणूस बाग विकत घ्यायला येतो. तिने त्याला दार दाखवावं किंवा चांगली किंमत मागावी, दोन्ही मला मान्य होतं. तिने काय केलं? उंबऱ्यात उभी राहून भाषण दिलं. माती, आशा, उद्याचा सूर्य. आणि दारावरच्या खडूच्या कामांपैकी एकही त्या दिवशी पुसलं गेलं नाही, हे मी नीट बघितलं होतं.

मार्तीनकाका मात्र त्या भाषणाला रडले. बोटीवरही याच जागी रडायचो म्हणाले. भाषांतर करायचं राहिलंच. नुसते हात पसरून उभे राहिले, त्यांच्या पांढऱ्या बनियनवर उंच बाईचा चेहरा हलत होता. तेव्हा मला हसू आलं. आज आठवलं की हसू येतं आणि दुसरंही काहीतरी येतं. भर समुद्रात, घरापासून महिनोन् महिने लांब असलेल्या आचाऱ्याला ती माती आणि तो उद्याचा सूर्य कसा ऐकू आला असेल, ते मी माझ्या खुर्चीवरून कसं ठरवणार?

मग पडद्यावर रात्र झाली. गोठ्याच्या छपरावर सगळ्या गावाची फळं पसरलेली. उंच बाई कंदील घेऊन खिडकीशी उभी. डोंगरावरून धुकं हळूहळू खाली यायला लागलं. ती बघतेय. व्हायोलिन वाजतंय. ती नुसती बघतेय.

माई खुर्चीतून उठल्याच. "अगं बये, बघतेस काय! आत घे ते! दव पडतंय!"

"वहिनी, तिला ऐकू नाय जाणार," काका म्हणाले.

"सगळ्या गावाची फळं उघड्यावर टाकून ही खिडकीत उभी! रडून काय होणार, छपरावर चढ! अशी कशी ही बाई, एवढंसुद्धा..."

आणि माई थांबल्या.  त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे. खिडकीवर माझी जाड चादर, चिमटे आणि विटा, सगळं अगदी जागच्या जागी.

"वसुधा," माई अगदी हळू म्हणाल्या, "बाहेर किती वाजलेत?"

मी दार उघडलं. दाराच्या फटीतली साडी पायात आली. बाहेर दिवस संपलेला होता. समुद्राकडचा शेवटचा तांबूस पट्टासुद्धा मिटत आलेला. केळीची पानं ओलसर चकाकत होती, आणि ताट्यांवर आमची सुकेळी सिनेमातल्या गावच्या फळांसारखीच उघडी पडलेली.

पुढचं सगळं एकदम झालं. विलास जागा झाला आणि "काय संपला का?" म्हणाला. अंगणातला दिवा लागेना. तो बदलायचं काम माझ्याच यादीत आठवडाभर लोंबत होतं. मोबाइलच्या विजेऱ्या धरल्या तर हात अडकायचे. तेव्हा मार्तीनकाकांनी एक्स्टेन्शन ओढलं, चालू प्रोजेक्टर तसाच उचलून पडवीत आणला, छातीशी धरला आणि तोंड अंगणाकडे केलं.

आणि चित्रपट केळीवर पडला.

ते दृश्य मी अनेकांना सांगून बघितलंय, जमत नाही. उंच बाईचा कपाळाकडचा भाग एका पानावर, हनुवटी दुसऱ्यावर, डोळे मधल्या अंधारात. वारा आला की बाई फाटायची आणि पुन्हा जुळायची. मागे नारळाच्या खोडावर कुणीतरी घोड्यावरून जात होतं. आत राहिलेल्या स्पीकरमधून इंग्रजी बोलणं येत होतं, आता भाषांतराशिवाय. आणि आम्ही सगळे खाली वाकून, सुती पंचे आणि जुनी धोतरं घेऊन, एकेक सुकेळं पुसत होतो.

अडचण एवढीच होती की पडद्यावर रात्र असली की अंगणातही अंधार व्हायचा.

"थांबा, अजून रात्रच आहे," काका पडवीतून ओरडायचे. "आता... आता... हां, उजाडलं! पुसा पटापट!"

आम्ही पुसायचो. पुन्हा अंधार.

"आता काय झालं?"

"कोणाच्या तरी घरात गेले. दिवा नाय लावला अजून."

"लावायला सांग त्यांना!" रोझीकाकी म्हणाल्या, आणि त्या अंधारात पहिल्यांदा माई हसल्या. हसत हसत खाली बसल्या, गुडघा धरून. मग माझा हात ओढून त्यांनी माझ्या तळव्यावर एक सुकेळं ठेवलं.

"दाब. हळू. ओल वरची आहे की आतली?"

दिसत काहीच नव्हतं. मी अंगठ्याने दाबलं. वर गारठा होता, चिकटपणा. पण खाली मऊ, घट्ट, दिवसभराचं ऊन अजून धरून असलेलं. "वरची," मी म्हटलं.

"डावीकडे ठेव. आता हे?"

हे दुसरं अंगठ्याखाली पचकलं. "आतली."

"उजवीकडे."

इतक्या वर्षांत मला ताट्यांना हात लावू न देणाऱ्या बाईंनी त्या दिवशी डावं-उजवं माझ्यावर टाकलं आणि स्वतः पुसत राहिल्या. सईने घरातून केस वाळवायचं मशीन आणलं. माईंनी त्याच्याकडे बघून "हे माझ्या जिवंतपणी नाही" म्हटलं आणि ते परत गेलं. सगळ्या ताट्या आत आल्या तेव्हा केळींवर मोठा पांढरा उजेड पडलेला होता, नुसताच उजेड. चित्रपट संपलेला होता.

कुणीच शेवट बघितला नव्हता. म्हणजे थोडा थोडा सगळ्यांनी बघितला होता. रोझीकाकींच्या मते शेवटी लग्न होतं, त्यांना नारळावर पांढरा झगा दिसला. सई म्हणाली आगगाडी होती, नवरा परत आला. विलास म्हणाला ती बाग विकून गेली. तो अर्धा चित्रपट झोपलेला असूनही फार खात्रीने म्हणाला. काकांना आम्ही आशेने विचारलं.

"मी मशीन धरली होती ना," काका म्हणाले. "मला केळीचं पान दिसलं. परत राहिला माझा शेवट."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. उन्हात ताट्या मांडून माई एकेक सुकेळं उचलून नाकाशी नेत होत्या. डावीकडची बरीचशी बचावली. उजवीकडच्यांनी वास धरला होता. बचावलेली खेप खायला चालणारी होती, पण रंग मंद, आणि मागून एक आंबूस चव. घरात खायला ठीक. वाटायला नाही. शेवटची म्हणून तर अजिबातच नाही.

माई पायरीवर बसल्या. मी समजुतीची चार वाक्यं तयार करून आणली होती. उंच बाई असती तर तिने इथे भाषण दिलं असतं. माई चिडल्या. पदर खोचला आणि चिडल्या. आधी दवावर, मग माझ्या चादरींवर, मग त्या बाईवर. "नुसती बघत उभी राहिली. तिच्यापायी आपली गेली." मग जरा वेळाने, विहिरीकडे बघत, "अशा खेपेवर बंद करतात का कुणी?"

विलास म्हणाला, "आई, तूच म्हणालीस ना, गुडघे..."

"गुडघे माझे आहेत, मला माहीत आहेत. तू विहिरीकडचे मुनवे काढ. नीट मुळासकट. सोनचाफ्याच्या अलीकडे जागा आहे तिथे लावायचे." केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं म्हणजे मुनवे. ती लावली की लोंगर यायला वर्ष तरी जातं. विलासने माझ्याकडे पाहिलं. मी यादी करायला वही मागितली नाही. कुदळ कुठे आहे ते सांगितलं.

नाताळला काकांकडे केक खायला गेलो तेव्हा काका म्हणाले, उरलेला सिनेमा आज बघून टाकू, किती तो उरलाय.

"आज नाही," माई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी. सुकेळी आत घेतल्यावर."

 काकांनी केकचा मोठा तुकडा माईंच्या ताटलीत ठेवला. "एवढी वर्षं थांबलो वहिनी, अजून एक," ते म्हणाले. पेनड्राइव्ह माझ्याकडे दिला, कारण जिच्याकडून वस्तू हरवत नाहीत ती मीच.

तर यंदा ते ऊन आलं आणि गेल्या महिनाभरातले सगळे शनिवार-रविवार मी भुईगावात आहे. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर जाते, वाटेत होळी नावाच्या नाक्यावर भाजी घेते. ताट्यांवर आता माझा हात चालतो. माई पडवीत खुर्ची टाकून बसतात आणि तोंड चालवतात. "उलट. ती नाही, तिच्या पलीकडची. दाबतेस की चिमटा काढतेस?" ऊन कललं की मी कुणी सांगायच्या आत उठते. अंगणात नवा दिवा आहे, आणि तो नसता तरी मला चाललं असतं, कारण आत काय झालंय ते आता अंगठ्याला कळतं.

चित्रपटाबद्दल माझं मत अजून दुभंगलेलंच आहे. व्हायोलिन मला आजही नको. सोसणाऱ्या बाईला थोर ठरवायची घाई मला पटत नाही. माझ्या माहितीतल्या बायका सोसण्याआधी चिडतात, आणि पुष्कळ कामं त्या चिडण्यातूनच पुढे जातात. पण ती दारावरची खडूची अक्षरं मनातून जात नाहीत. ती खिडकीत उभी होती त्यानंतर काय झालं असेल? तिची फळं गेली असतील, तर दुसऱ्या दिवशी तिने दारावर काय लिहिलं असेल? हे मला खरंच जाणून घ्यायचंय. आणि पेनड्राइव्ह माझ्याच कपाटात आहे.

यंदाची खेप काल आत आली. लिहून सांगता येणार नाही इतकी ती चांगली झालीय. रंग मधाचा, वास उन्हाचा. माईंनी एक खाल्लं, बराच वेळ चघळलं. मग दुसरं घेतलं.  अशी खेप झाल्यावर कुणीही सुखाने थांबू शकतं, आणि मला नेमकी तीच भीती होती. दसऱ्याला, गेल्या वर्षी, त्यांनी एवढंच मागितलं होतं.

आज सकाळी आम्ही अंगणात जुड्या बांधत बसलो होतो. माई पानं पुसत होत्या. बांधणीचं काम आता त्यांच्याकडे आलंय. कुंपणावरून मार्तीनकाकांचं डोकं वर आलं.

"काय वसुधा, झाली ना सगळी आत? मग आज लावू या मशीन? रोझीने केक केलाय."

माईंनी हातातलं पान खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आज नको काका," मी म्हटलं. "खिडक्यांच्या चादरी धुवायला काढल्यात. ओल्या आहेत."

चादरी माझ्या मागेच दोरीवर होत्या. कालच्या धुतलेल्या. या उन्हात इतक्या कडकडीत वाळलेल्या की वारा आला की पत्र्यासारख्या वाजत होत्या. माईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग सोनचाफ्याच्या अलीकडे, जिथे गेल्या वर्षीच्या मुनव्यांना आता केळफुलं लोंबतायत, तिकडे पाहिलं. मग पान उचललं आणि पुसायला लागल्या.

"हो रे मार्तीन," त्या म्हणाल्या. "ओल्याच आहेत अजून. पुढच्या वर्षी बघू."

काकांनी वाजणाऱ्या चादरींकडे बघितलं, आमच्या दोघींकडे बघितलं, आणि "बरं, मग केक तरी खायला या," म्हणून डोकं खाली घेतलं.

जुड्या बांधून झाल्या. चिठ्ठ्या लावून झाल्या. ताट्या धुऊन माळ्यावर गेल्या. आजच्या कामांपैकी एकच राहिलंय: सिनेमाचा शेवट बघणे.